दहा मिनिटांची वाळू

मी वाळूचं घड्याळ बोलतोय. वरची वाळू खाली यायला बरोबर दहा मिनिटं लागतात, एवढीच माझी अक्कल. पूर्वी मी बाईंच्या आईच्या स्वयंपाकघरात अंडी उकडताना वेळ मोजायचो. काय सुखाचे दिवस होते! अंडं कच्चं राहिलं, तरी कुणी तक्रार घेऊन येत नसे.

यंदा बाईंकडे सातवीचा ‘धर्मांची ओळख’ हा विषय आला आणि त्यांनी मला शाळेत आणलं. त्यांचा नियम साधा. प्रत्येक धर्माला माझी एक फेरी. त्या धर्माचे लोक काय मानतात, का मानतात, एवढंच सांगायचं. खरा कुठला, खोटा कुठला, हे बोलायचं नाही.

“कशाला हात भाजून घेताय?” गणिताचे सर म्हणाले.

चार धर्म नीट झाले. पाचवा बाईंचा स्वतःचा. ‘घरचा म्हणून लाड केले’ असं कुणी म्हणेल, या धास्तीने अर्धी वाळू वर असतानाच त्यांनी मला आडवं केलं आणि कपाटात ठेवलं. अहो बाई, मला तरी विचारायचं!

दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील मोठ्या बाईंकडे हजर. तेही बाईंच्याच धर्माचे. “आपल्याच धर्माची लाज वाटते का यांना?”

मोठ्या बाई म्हणाल्या, “उद्या आपण दोघं मागच्या बाकावर बसू. पक्षपात दिसला, तर हा विषय बंद.”

आज ते दोघं मागच्या बाकावर येऊन बसले आणि बाईंनी मला कपाटातून बाहेर काढलं. परवा घंटा लवकर झाली म्हणून अर्धं राहिलं, असं त्या सांगतील का? सांगितलं असतं, तर खोटं कुणाला कळणार होतं?

“मुलांनो, चुकलं माझं,” बाई म्हणाल्या. “हा माझा धर्म. घाबरून मी त्याला कमी वेळ दिला. तोही पक्षपातच.” त्यांनी मला उभं केलं आणि उरलेली वाळू संपेपर्यंत शिकवलं.

“सगळं ठीक,” वडील म्हणाले, “पण आपलाच खरा, हे का नाही सांगत?”

“ते तुम्ही घरी सांगा ना, हक्काने सांगा. इथे सगळ्यांची मुलं बसतात.”

त्यांना पटलं की नाही, देव जाणे. कुणाचा देव, ते मी सांगणार नाही. बाईंचा नियम आहे.

“विषय चालू ठेवायचा की नाही, ते सोमवारी कळवते,” म्हणत मोठ्या बाईंनी मला उचललं आणि आपल्या खणात आडवं टाकलं.

अजून दोन धर्म राहिलेत. त्यातल्या एकाची वर्गात एकच मुलगी आहे. आपली पाळी कधी येते, म्हणून ती रोज माझ्याकडे बघायची. तिची दहा मिनिटं माझ्या पोटात तशीच आहेत. मोठ्या बाई, मला उभं करा हो!