लग्नातल्या लाल मशाली

लग्नघरात काय काय निस्तरावं लागतं ते वरमाईलाच ठाऊक! व्हिन्काला वाइनची चिंता नव्हती, मटणाची नव्हती. चिंता होती शेजारच्या येर्काची. लग्नाच्या मशाली पेटल्या की ही विधवा कोरडं घोंगडं घेऊन धक्क्यावर उभी राहायची आणि साऱ्या वऱ्हाडाचा विरस व्हायचा.

नवरीला होडीतून आणायचं आणि होड्याहोड्यांवर लाल मशाली पेटवायच्या, ही त्या बेटाची रीत. या मशाली खरं तर समुद्रात होडी संकटात सापडली की मदत मागायला पेटवायच्या, दारू भरलेल्या. मुदत संपली की त्या लग्नासाठी राखून ठेवत.

"येर्का, उद्या तेवढी घरीच थांब ना गं. तुझं ताट पाठवते," व्हिन्का म्हणाली.

"मी थांबेन. तू मशाली थांबव."

"अगं, मुदत संपलेल्या त्या! फेकायच्याच ना?"

"माझ्या नवऱ्याची, लोव्रेची तर नवी कोरी होती," येर्का म्हणाली. "असंच लग्न होतं. साऱ्या धक्क्यानं त्याची मशाल पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा! लेकीला म्हटलं, बघ गं, किती छान! बुडणाऱ्याला हाक मारायला ती एकच खूण. तिच्यावरच आपण नाचायला लागलो, तर त्यानं ओरडायचं तरी कसं?"

व्हिन्काला पटत होतं. पण रीत मोडली तर व्याही काय म्हणतील? मशाली ठरल्या त्या ठरल्याच.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नवरीच्या होड्या आल्या. पाणी लालभडक झालं. त्या उजेडात हसणारा जो तो व्हिन्काला लोव्रेसारखा दिसू लागला. एवढ्यात भूशिरापलीकडे आणखी एक लाल ठिणगी उठली. तिचा धाकटा मुलगा रोको वादकांना घेऊन तिकडूनच यायचा होता.

"रोकोनंही पेटवली बघ!" म्हातारे निकोकाका पेला उंचावत म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. व्हिन्काचेही हात वर गेले आणि तिथेच थिजले.

"टाळ्या थांबवा! माझा रोको बुडतोय!"

"वरमाईला चढली वाटतं!" कोणीतरी हसलं.

येर्कानं मात्र निकोंच्या होडीचा दोर केव्हाच सोडला होता. तिचा चेहरा पाहून निकोंचं हसू मावळलं. व्हिन्काही होडीत चढली. होडी सुटते तोच भूशिरापलीकडे दुसरी मशाल पेटली आणि मागे धक्क्यावर गाणं सुरू झालं.

रोकोच्या होडीचं इंजिन बंद पडलं होतं. होडी खडकाकडे ढकलली जात होती आणि वादक टोप्यांनी पाणी उपसत होते. येर्कानं रोकोला घोंगड्यात गुंडाळलं. तो थरथरत म्हणाला, "आई, पहिली मशाल पेटवली तर तुम्ही टाळ्या वाजवल्या. दुसरी पेटवली तर गाणं सुरू केलंत. आम्हाला सगळं ऐकू येत होतं."

ऐकू येत होतं! लोव्रेलाही ऐकू आलं असणार. व्हिन्कानं येर्काला मिठीत घेतलं आणि दोघी ढसाढसा रडल्या.

मंडळी, हौस जरूर करावी. पण संकटातल्या माणसाची हाक तेवढी हौसेला घेऊ नये. आपल्या टाळ्यांत कोणाचा तरी शेवटचा धावा विरून जातो!

आता त्या बेटावर लग्नात कागदी कंदील लागतात. मागच्याच लग्नात कोणालातरी समुद्रावर लाल उजेड दिसला. भरली ताटं सोडून अख्खं वऱ्हाड होड्यांत चढलं. लोव्रे बुडाला तिथवर सगळे जाऊन आले, पण तिथे कोणीच नव्हतं. परत येईतो रस्सा गार झाला होता. कोणी कुरकुरलं नाही.