मनोऱ्यावरून गेलेला मिस्ड कॉल

मुलुंडच्या एकतीस मजली इमारतीच्या गच्चीवर एफएम रेडिओचा मनोरा होता, आणि त्याच्या अगदी टोकाला चढून जयवंत विमानांसाठीचा लाल दिवा बदलत होता. दिवा टोकाला, अँटेना मध्ये. म्हणजे उतरायचं तर अँटेनांना अंग घासूनच. त्या चालू असल्या तर माणूस आतून भाजून निघतो. म्हणून तो वर असेपर्यंत गच्चीवरच्या केबिनमध्ये मुकुल ट्रान्समीटर बंद ठेवी. खाली पोचलं की जयवंत एक मिस्ड कॉल देई, मग मुकुल चालू करी. अकरा वर्षांची पद्धत. लेखी नियम वेगळाच होता, पण तो फायलीत सुखाने झोपला होता.

आज कमरेच्या पट्ट्याखाली बटणवाला फोन दाबला गेला आणि मुकुलला मिस्ड कॉल गेला. जयवंतला पत्ताच नाही. खिशातला छोटा रेडिओ इतका वेळ नुसता खरखरत होता; त्यावर गाणं सुरू झालं, तेव्हा मुकुलने ट्रान्समीटर चालू केल्याचं त्याला कळलं.

त्याने फोन लावला. मुकुलने उचलला नाही. का उचलील? जयवंतचा फोन उचलायचा नसतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. केबिनचं दार बंद, आत एसी. कितीही ओरडलं तरी आवाज आत पोचेना. खाली आग, आणि तीही न दिसणारी. दिसती तर निदान चुकवली असती. आणि असं वर फार वेळ लटकताही येत नाही.

गाणं संपलं. घाटकोपरच्या स्टुडिओतून निवेदिका श्रुतिका श्रोत्यांना फोन लावायला सांगत होती. जयवंतने तिचा नंबर लावला. सहाव्या खेपेला लागला.

"हॅलो, कुठून बोलताय?"

"तुमच्या मनोऱ्यावरून! मुकुल, मशीन बंद कर रे, मी वरच आहे अजून!"

केबिनमध्ये कार्यक्रम ऐकवणारा स्पीकर चालूच असायचा. क्षणात रेडिओ नुसता खरखरू लागला.

तरी जयवंतचा पाय उचलेना. बंद केलंय, कळतंय. पण चालू करणाराही तोच ना? अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला मुकुलचा भरवसा वाटेना, आणि त्याचं त्यालाच फार वाईट वाटलं.

केबिनचं दार उघडलं. मुकुल वर बघत उभा राहिला. उंचीची इतकी धास्ती, की हा गडी कधी गच्चीच्या कठड्याजवळही जात नसे. तो शिडी चढू लागला. डोळे घट्ट मिटून, चाचपडत अँटेनांपर्यंत आला आणि त्यातल्या एकीला त्याने दोन्ही हातांनी मिठी मारली.

"ये रे खाली," तो रडत म्हणाला. "आता काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे."