नाल्यातलं नवं कूळ

विज्ञानाची वाटचाल कोणालाही थोपवता येत नाही. अमळनेर तालुक्यात ती मोतीलाल चोरडियांनी काटेरी तारेने नऊ दिवस थोपवली.

सुरुवात वर्तमानपत्राने केली. जळगावात, पिंप्राळ्यातल्या घरी चहा पिता पिता मोतीलालभाऊ आतल्या पानावर अडकले. 'चोरडिया यांच्या शेतात नवे कूळ, प्राध्यापिकेचा दावा.'

कूळ आणि दावा, एकाच ओळीत. यातल्या पहिल्या शब्दाने त्यांच्या वडिलांची नऊ एकर जमीन कसणाऱ्याच्या नावावर गेली होती. दुसऱ्याने ती परत आणता आणता वडीलच गेले. आता उरली होती पाच एकर.

"पुढचं वाचा तरी," केसरबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आपल्या शेताकडेच्या नाल्यात कुजणाऱ्या लाकडावरच्या बुरशीचं लिहिलंय."

"बुरशी पुढे केलीय. मागे वकील असणार."

वकिलाच्या मागे छगन असणार. छगन अठरा वर्षं त्यांचं शेत सांभाळत होता आणि अठरा वर्षांत त्याने एकदाही कुरकुर केली नव्हती. सरळ माणूस इतकी वर्षं गप्प राहत नाही. मोतीलालभाऊ तडक अमळनेरकडे, शेतावर गेले.

"त्या बाईला नाल्यात कोणी नेलं?"

"मीच लई गऊ, भाऊ. त्यासले सडेल लाकूड जोयजे व्हतं."

"चांगलं सोडून सडलेलं?"

"मी बी तेच इचारं. त्या म्हन्यात, जितलं सडेल तितलं चांगलं."

"तुझी सही घेतली कुठे?"

"सही नही. पिशवीवर मन्हं नाव लिखं."

सही नाही, नाव. म्हणजे काम पक्कं झालं होतं. दिवस मावळायच्या आत नाल्याच्या कडेने तार लागली. ती छगननेच ओढली.

नवव्या दिवशी प्राध्यापिका आल्या. स्नेहल तायडे, एसटीने, हातात रिकाम्या पिशव्या. तारेच्या पलीकडूनच बोलल्या.

"भाऊ, मला चार काड्या हव्यात फक्त. धुळ्याचे आमचे गिरधर सर म्हणतात, ही बुरशी जुन्याच कुळात बसते. मी म्हणते, नाही बसत. हिच्या बीजाणूला दोन्ही टोकांना शेपटी आहे. पुन्हा नमुना नेला की निकाल लागेल."

निकाल लागणार होता, आणि धुळ्यातही एक माणूस बसवलेला होता. मोतीलालभाऊंनी दोन्ही गोष्टी मनात टिपून ठेवल्या.

"या कुळात आहेत किती?"

"सध्या चार जाती."

"चार जाती? आणि एकत्र राहतात?"

"एकाच लाकडावर. कुणाचं कुणाशी भांडण नाही."

हे ऐकून तालुक्यातल्या कुठल्याही माणसाला संशय आलाच असता.

"कधीपासून?"

"तसं बघितलं तर काही लाख वर्षं."

बारा वर्षांच्या कब्जावर कोर्टात काय काय होतं, हे मोतीलालभाऊंना तोंडपाठ होतं. ते बांधावर बसले.

"घाबरू नका हो," तायडे मॅडम म्हणाल्या. "मेलेलं लाकूड सोडून त्या कशाला हात लावत नाहीत."

"सुरुवातीला कोणीच लावत नाही."

"अहो, ते जमिनीचं कूळ वेगळं. आमच्या शास्त्रात कूळ म्हणजे फॅमिली."

"फॅमिलीसकट!" मोतीलालभाऊ उठले. "छगन, तार आणखी एक पदर मार."

दुसऱ्या दिवशी ते तलाठ्याकडे हजर झाले. अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला होता: 'सदर बुरशीचे नाव कूळ म्हणून माझ्या सातबाऱ्यावर लावू नये. लावले असल्यास त्वरित कमी करावे.' तलाठ्याने तो दोनदा वाचला आणि हसला नाही. याहून अवघड अर्ज त्याच्याकडे येत असत.

"राहते कुठे ती?"

"नाल्यात. बुडालेल्या बाभळीच्या खोडावर."

"पहिल्यापासून तिथेच? पिकात शिरली नाही?"

"अजून नाही. पण सगळ्यांची एकी आहे."

तलाठ्याने कपाटातून गावचा नकाशा काढला, टेबलावर पसरला, मोतीलालभाऊंचा गट शोधला आणि हद्दीवरून बोट फिरवलं. बोट नाल्याच्या अलीकडेच वळलं.

"भाऊ, अर्ज परत न्या," तो म्हणाला. "नाला तुमचा नाही, सरकारी आहे."