मोजासुद्धा माझ्या नावाचा नाही

मी पाय बोलतोय. हात नव्हे, पाय! हाताचं कौतुक ऐकून तुमचे कान किटले असतील, आता जरा माझं ऐका.

जपानातल्या आइझूच्या डोंगरात तोकुझोचं लाकडी खडावांचं दुकान. त्याच्या बायकोला, किनुएला, झटका आला आणि तिची वाचा गेली. तेव्हा त्याने उरल्यासुरल्या लाकडाच्या चकत्या कापून एकेकीवर एकेक अक्षर कोरलं. हात, पाय म्हणजे मी, तोंड, कागद, पिशवी, आवाज, अशी कितीतरी. आमच्या जपानीत एकेक अक्षर म्हणजे अख्खा शब्द, आणि अशी दोन अक्षरं शेजारी बसली की नवा शब्द उभा राहतो. तो जोडायचा, ती नुसते ओठ हलवायची.

आणि रोज पहिला मान कुणाला? हाताला! हात आणि कागद, झालं पत्र. हात आणि पिशवी, झाला हातमोजा. गाणं आणि हात, झाला गायक! अहो, गातो गळा आणि मिरवतो हात? म्हटलं, पायातला मोजा तरी माझा असेल. तर तो 'जोडा' आणि 'खाली' यांचा! आत घाम मी गाळायचा, नाव जोड्याचं. पायांच्या जिवावर पोट भरणारं हे घर, आणि लाड हाताचे. किनुएच्या बोटांनी त्याची चकती गुळगुळीत झाली. माझ्या कडा अजून टोचतात. जळफळाट होणार नाही तर काय!

किनुएची थोरली बहीण उमेनो तोंडाची तिखट. "भावोजी, बायको गप्प झाली तर लोक सण करतात. तुम्ही लाकडं मांडून बसलात!" मग आवाज उतरवून म्हणाली, "दिवसभर तुम्ही दुकानात. ही पडली तर हाक कशी मारणार? बर्फ वितळेपर्यंत एक शब्द बोलू दे, नाहीतर मी हिला घेऊन जाते."

"बोलेल ती, ताई."

"ही, की तुमची लाकडं?"

बर्फ वितळलं. उमेनो गाडी घेऊन आली. तोकुझो पाहुणीसाठी तोफू आणायला गेलेला, उमेनो बहिणीचे कपडे बांधत होती. किनुएने सवयीने हाताची चकती उचलली आणि ती थबकली. गल्लीच्या टोकाला खट... खर्र. तोकुझो डावा पाय ओढत चालतो. तिने हात चक्क बाजूला फेकला! मला घेतलं, शेजारी 'आवाज' ठेवला.

"अशि-ओतो," ती म्हणाली. पावलांचा आवाज. मग हळूच, "आले."

उमेनोच्या हातातलं गाठोडं सुटलं. दार सरकताच ती ओरडली, "भावोजी, बोलली!"

"काय बोलली?"

"तुमच्या तंगड्यांचं नाव घेतलं!"

तोकुझो चिखलाच्या खडावांनिशी थेट चटईवर चढला. वाचा होती तेव्हा किनुएने घर डोक्यावर घेतलं असतं. आज ती हसली. गाडी रिकामी परत गेली.

पण तोकुझोने आल्याआल्या धरलं काय? तिचा हात! शब्द माझा, आणि धरला हात!

तुम्ही मराठी माणसं म्हणे 'पायमोजा' म्हणता. नशीबवान हो तुमचे पाय. उद्या तो चढवाल तेव्हा एकदा मोठ्याने म्हणा. मला इथे ऐकू येईल.