थाळी कुणालाही चिकटते

काशाची थाळी युवराजच्या उघड्या, ओल्या पाठीला चिकटली आणि मारुतीच्या पारासमोर जमलेलं गाव माना उंचावून पाहू लागलं. आठ वर्षांचं पोरगं कमरेत वाकून उभं. हिलाल मामाने हात काढला, तरी थाळी जागची हलेना.

"देखा, जहर ओढी राहिनी," मामा म्हणाला. "हाई थाळी बठ्ठं पी जास. जहर संपनं का आपोआप खाली पडी."

थाळी खणकन पडली. बायांनी हात जोडले. दिपमालानेही जोडले.

युवराज तिचा धाकटा भाऊ. तीन दिवसांपूर्वी एक पिसाळलेलं कुत्रं गावातून दिसेल त्याला चावत गेलं. युवराजच्या मनगटात दात रुतले. आरोग्य केंद्राची आशाताई म्हणाली, साबणाने धुवा, चोपड्याच्या दवाखान्यात न्या, सुई द्या. दिपमालाने तिला दारातूनच हाकललं. "सख्खा मामा थाळी लावस, मंग आम्ही दवाखानामा कसाले जाऊत?" सोळा वर्षांची दिपमाला मास्तरशी भांडून नववीतच घरी बसलेली. ती ऐकायची एका मामाचंच. आज थाळीचा तिसरा आणि शेवटचा दिवस.

तेवढ्यात जीप आली. दोघं उतरले. समीक्षा मॅडम माणसांच्या डॉक्टर, बरोबरचे साहेब ढोरांचे.

"माणूस नि ढोर, दोन्हीसना डॉक्टर एकच गाडीमा?" पारावरून लोटन आबा म्हणाले. "डिझल वाचाडी राहिनात का?"

लोक हसले. मॅडमही हसल्या. "आबा, आजार एकच, मग गाड्या दोन कशाला? आधी कुत्र्याचा कागद एका खात्यात, माणसाचा दुसऱ्या. एकमेकांना पत्ता नाही. आता आमचा नवा अभ्यास चाललाय. मेलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासतो. रेबीज निघाला की ते कुणाकुणाला चावलं ते घरोघर शोधतो. तुमच्या शिवारात मेलेल्या कुत्र्यात निघालाय. पाच जणांना चावलंय, आणि सुई घेतली फक्त एकाने."

साहेबांनी कागद उलटला. "हिलाल पुना नावाचे गृहस्थ याच गावचे ना? जळगावला पहिली सुई घेतलीय, दुसरी आज आहे. फोन उचलत नाहीत."

मॅडमनी साहेबांकडे रोखून पाहिलं. नाव असं चारचौघांत घ्यायचं नसतं. पण ते निघून गेलं होतं.

"दुसरा कोनी हिलाल व्हई," गर्दीतून आवाज आला.

दिपमालाने मामाकडे पाहिलं. तो धोतराचा सोगा खाली ओढत होता. पोटरीवर पांढरी पट्टी. काटा लागला म्हणून सांगितलं होतं त्याने.

"मामा, तुले बी चावनं?"

मामा थाळी पुसत राहिला.

"मंग थाळी तुना पाठले काबर नही लाई?"

"सोतानी पाठले सोता कशी लावू?"

कुणीतरी फिसकन हसलं. दिपमालाने थाळी हिसकावली आणि पाराकडे वळली. "आबा, सदरा काढा. तुमले कुत्रं चावेल शे?"

"माले आते डास बी चावत नही, पोरी."

तिने आबांना वाकवलं, मामासारखंच लोट्यातलं पाणी पाठीवर चोळलं आणि थाळी दाबली. हात काढला. थाळी चिकटून.

आबा वाकूनच म्हणाले, "मनामा कोनतं जहर निंघनं वं?"

"बिडीनं, आबा."

यावेळी लोक हसले ते थाळीला. साहेब म्हणाले, "ओल्या पाठीवर थाळी दाबली की आतली हवा निघते, पाणी थाळीला धरून ठेवतं. पाणी सुकलं, माणूस हलला, की पडते. रेबीज रक्तात नसतो, तो नसांमधून मेंदूकडे चालत जातो. त्याला थाळी कशी ओढणार?"

मंदाबाई, दिपमालाची आई, गर्दीतून भावासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, जळगावले गया, तव्हय मना पोऱ्याले संगे काबर नही लई गया?"

मामा मान वर करेना. "आखं गाव मना पाया पडस, मंदे. मी सुई लेवाले गऊ, हाई कोनले दखावू?"

दिपमालाला रडू नाही आलं. आग आली, आणि त्यातली निम्मी स्वतःवर. आशाताईला हाकलणारी तीच. जखम धुवू नको म्हणाला मामा, म्हणून साबणही लागू दिला नव्हता तिने.

"उशीर झालाय, पण वेळ गेली नाही," मॅडम म्हणाल्या. "पंधरा मिनिटं साबणाने धू. मग जखमेत सिरम, म्हणजे विषाणूला तिथेच अडवणारं औषध, आणि चार सुया. एकदा लक्षणं दिसली की मात्र जगात कुणाकडे औषध नाही."

नळाखाली तिने युवराजचं मनगट धुतलं. तो ओरडला, तरी सोडलं नाही.

मंदाबाई आणि दिपमाला पोराला घेऊन जीपमध्ये बसल्या. मॅडमनी मामालाही बसवलं. त्याचीही सुई होतीच. दिपमालाने सरकून जागा दिली, त्याच्याकडे पाहिलं नाही. कुत्रं चावलेले आणखी तिघं पाराशी उभे होते. दोघं मुकाट्याने चढले. धनसिंग नानांनी तंबाखू मळत उद्यावर ढकललं, "मी सकाय येस."

दिपमाला उतरली आणि त्यांचा हात धरला.

"सकाय नही, नाना. कुत्रं चावनं का साबण लाईसन धोवानं, नि तोच दिवस दवाखाना. बस, इतलंच शे. ज्यानी हाई माले सांगाले पाहिजे व्हतं, तो गाडीमा बसेल शे. चला."