पाचवा पंच

कृष्णराव ओव्हरसियरनं आमच्या गोमाजीबुढ्याले फसवलं, तवाच मी ठरवलं, या बाबूले झाडावर चढवाचं.

गोष्ट एक्क्याऐंशीची. आंबागडच्या मांगच्या खोऱ्यात धरन बांधाचं चाललं होतं. गोमाजी तिथला जुना जंगलगार्ड. रिटायर झाला, तरी काठी टेकत रोज खोऱ्यात जाये. एकेक येनाचं झाड पोरावानी वळखे. वाचाचे डोये मातर गेले होते त्याचे. ओव्हरसियरनं कागद पुढं केला, "बुवा, तुमी जुने मानूस. झाडं मोजली, एवढंच लिवलं हाये. पंच म्हनून सही करा."

बुढ्यानं केली. मंग तुमसरले कोनीतरी त्याची नक्कल वाचून दाखवली. खोऱ्यात सारं झुडपी जंगल, मोठं झाड एकबी नाई, जनावर नाई. झुडपी म्हटलं का पान्याखाली घालाले कोनी आडवत नाई.

बुढा दोन दिवस जेवला नाई. "टेकचंद, खोरं बुडवतील ते बुडवतील. पन माह्या सहीनं?"

"त्याच्याच सहीनं फेडू, बुवा."

चैताचे दिवस, मोह पडून राहिले होते. सकाऊन ओव्हरसियर टेप घेऊन आला. आमच्या गावची धुरपता न तिच्या दोघी जावा, ठरल्यापरमानं, मोहफुलं वेचत होत्या. मी कायं घोंगडं पांघरून झाडोऱ्यात बसलो होतो. मोहाखाली अस्वल येते, हे लेकराले बी ठाऊक. बाबू जवळ आला, का मी चार पायावर निंघालो, हुर्र हुर्र करत.

"अस्वल वो माय!" धुरपता बोंबलली. लई झकास बोंबलली.

बाबू एका दमात येनावर. चपला खाली, टेप खिशात.

गोमाजी झाडाखाली आला. "काहून साहेब, झुडपात बसले का?"

"बुवा, हाकला ना तिले!"

"हाकलतो. आंधी एक टोक धरून टेप सोडा खाली."

टेप खाली आला. धुरपताची धाकटी जाव चौथी पास. तिनं वाचलं, "सव्वीस फूट."

"आन तुमच्या वरतं किती, साहेब?"

"तेवढंच हाये, बुवा!"

"लिव वो पोरी. झुडूप बावन्न फुटाचं. असे शेकड्यानं हायेत. अस्वल हाये, ओव्हरसियरनं सोता पायली."

बुढ्यानं बंडीतून काढून देलेल्या कागदावर तिनं लिवलं. बुढ्यानं या खेपी तीनदा वाचून घेतलं. मंग कागद न पेन टेपाले बांधून वर धाडला. मी खालून एक हुर्र केलं. सही होऊन कागद खाली आला.

दोघी बायायनं अंगठे देले, धाकटीनं न गोमाजीनं सही केली.

"चार झाले," बुढा म्हने. "पंच पाच लागते."

अस्वल उठली. घोंगडं फेकलं न ठोकली सही.

"हे खोटं हाये!" ओव्हरसियर वरून बोंबलला.

"सही कोनाची हाये, साहेब?" मी इचारलं. "उतरा आता, अस्वल गेली."

गोमाजीनं कागद बंडीच्या खिशात घातला. मंग खालच्या चपला उचलून माह्या हातात देल्या.

"राहू दे त्याले," म्हने. "वरतून झाडं चांगली मोजता येते."