कापूसबाजारातली विहीर

पेठेतल्या मैनाबाईनं विहिरीवरून आणलेल्या तांब्यातलं पाणी निवळलं, तेव्हा तळाशी बोटभर गाळ बसला. अमरावतीच्या नव्या म्युनिसिपालिटीचे पंच खुशालराव तो गाळ बघत राहिले.

"पटकीनं माया मालक, पोरीचा बाप, गेला, भाऊ," मैनाबाई म्हणाली. " आता पोरगी हेच पाणी पिते. विहीर बंद करा."

विहीर खुशालरावांच्या वडिलांनी बांधलेली. कापसाच्या तेजीत शेकडो गाड्यांचे बैल तिथंच पाणी पीत, तिथंच शेण-मूत करत, गाडीवानही आडोशाला तिथंच परसाकडे बसत, आणि ती घाण फुटक्या काठातून आत उतरे. पण विहीर बंद केली तर गाड्या अकोल्याकडे वळतील, म्हणून तीन बैठकांत खुशालराव गप्प बसले होते.

"पुढच्या बैठकीत मांडतो, बाई."

"कवा? सारी पेठ मसणात गेल्यावर? तुमी काहून नाई पीत हे पाणी? महिना झाला, तुमचा गडी नदीपल्याडून घागरी आणून राहिला. आमाले कोण आणून देते?"

खुशालरावांची मान खाली गेली. घरातल्या माणसांनाही त्यांनी त्या घागरींचं कारण सांगितलं नव्हतं.

त्यांनी गड्याला हाक मारली. "बोराटीचे काटे तोड अन् आत्ताच विहिरीवर टाक. कोणी इचारलं तं सांग, खुशालरावानं बापाची विहीर बंद केली."